सिंहस्थाच्या कामावरचा प्रत्येक हात हजेरीवर घ्या

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ला आणि पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ला. या तारखा कुणालाही पुढे ढकलता येणार नाहीत. रस्ते, पूल, घाट, सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे, साधुग्रामातल्या सोयी हे सारे तोवर उभे राहायला हवे. ते उभे करायला पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांपासून थेट बिहार, ओडिशापर्यंतची माणसे लागतात. तारीख हलत नसली की कामाचा सगळा रेटा मजुरावर येतो. दिवसाची पाळी संपवून रात्री काँक्रीट ओतायला उभे राहायचे, आणि हिशेबाचे विचारले की उत्तर ठरलेले: आधी काम उरकू दे, मग बघू.

म्हणून हे आवाहन आज करतो आहे, अमृतस्नानाच्या आदल्या महिन्यात नव्हे. सिंहस्थाच्या, आणि त्यामागोमाग राज्यातल्या प्रत्येक सार्वजनिक बांधकामावर जो कुणी राबेल, त्याला त्या भागात त्या कामाचा जो दर चालू आहे तो मिळालाच पाहिजे. हा दर किमान वेतनाच्या खाली कधीही जाता कामा नये. राबणारा मुख्य ठेकेदाराचा माणूस असो, पोटठेकेदाराचा असो, की मुकादमाच्या टोळीतला असो. तो पुलाखाली उभा असो, की त्या पुलाचा गर्डर दूरच्या यार्डात ओतत असो. आज मजुरीची हमी अर्ध्या वाटेत संपते. ती शेवटच्या माणसापर्यंत नेण्याची मागणी नाशिककरांनी आणि अवघ्या महाराष्ट्राने आत्ता लावून धरावी, एवढ्यासाठी लिहितो आहे.

अशीच न हलणारी तारीख १९८२ साली दिल्लीत होती. आशियाई स्पर्धांसाठी स्टेडियम, उड्डाणपूल, क्रीडाग्राम बांधायला राजस्थान, उत्तर प्रदेश, ओडिशातून हजारो मजूर जमादारांमार्फत आणले गेले. तेव्हा किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे होते. ठेकेदार पैसे जमादाराकडे देत, जमादार माणशी एक रुपया आपले कमिशन म्हणून कापून घेई, आणि मजुराच्या हातावर ८ रुपये २५ पैसे पडत. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि त्या पत्राचीच याचिका झाली. न्यायमूर्ती पी. एन. भगवतींनी लिहिलेल्या निकालात दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. किमान वेतनाहून कमी पैशात करून घेतलेले काम हे संविधानाच्या कलम २३ने मनाई केलेले सक्तीचे श्रम आहेत. आणि काम सरकारचे असेल, तर मजुरांचे काय ते ठेकेदार बघेल असे म्हणून सरकारला आणि दिल्ली विकास प्राधिकरणाला हात झटकता येणार नाहीत.

तो निकाल आला १८ सप्टेंबर १९८२ रोजी. स्पर्धांचे उद्घाटन १९ नोव्हेंबरला झाले. म्हणजे देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने मजुराच्या बाजूने इतका ठाम कौल दिला, तेव्हा बांधकामाचे जेमतेम दोन महिने उरले होते. कापला गेलेला रोजचा एक रुपया तोवर कापला जाऊन गेला होता. पुढच्याच वर्षी राजस्थानातल्या दुष्काळी कामाच्या खटल्यात हेच तत्त्व न्यायालयाने पुन्हा सांगितले: दुष्काळात सरकार उपकार म्हणून काम देते, सबब मजुरी कमी दिली तरी चालेल, हा युक्तिवाद टिकला नाही. ते काम रस्त्याचे होते, खाते सार्वजनिक बांधकामाचे होते, आणि राबणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. हे निकाल येऊन चार दशके उलटली. सार्वजनिक कामांच्या निविदा अजूनही अशा काढल्या जातात, की हा एक रुपया कुठेतरी कापला जाणारच.

कसा कापला जातो ते समजून घेऊ. कुठलेही सरकारी काम निघते तेव्हा आधी अंदाजपत्रक होते. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत प्रत्येक बाबीचा दर असतो आणि त्या दरात सिमेंट, खडी, लोखंड, यंत्रे यांच्याबरोबर मजुरीही धरलेली असते. गवंड्याचा रोज, बिगाऱ्याचा रोज, फिटरचा रोज हे सगळे सरकारने स्वतःच मोजलेले असते. मग निविदा निघते आणि स्पर्धा लागते ती बिलो, म्हणजे अंदाजपत्रकाहून कमी दर, भरण्याची. उदाहरणादाखल एक कोटीचे काम धरा आणि त्यात मजुरी पंचवीस लाखांची धरा. कुणी वीस टक्के बिलोने ते घेतले, तर वीस लाख कुठून तरी काढावे लागणार. सिमेंटची गोणी बाजारभावानेच मिळते, डिझेल पंपावरच्या दराने. सळईचा भाव तर कुणाच्या हातात नाही. उरले काय? एक तर मालात हात मारायचा, नाही तर मजुरीत. मालावर निदान अभियंत्याची नजर असते. मजुरीवर कुणाचीच नसते.

मुख्य ठेकेदार काम तुकड्यांनी पोटठेकेदारांना देतो. सेंट्रिंग एकाला, सळई बांधणे दुसऱ्याला, खोदाई तिसऱ्याला. पोटठेकेदार ते चौरस फुटाच्या किंवा टनाच्या दराने मुकादमाकडे सोपवतो. मुकादमाने गावाकडे पावसाळ्यातच उचल देऊन माणसे बांधून ठेवलेली असतात. प्रत्येक पायरीवर थोडे थोडे खरवडले जाते आणि खालच्या माणसाला किती मिळायला हवे होते, हे सांगणारा कागद त्याच्यापर्यंत कधी पोचतच नाही.

आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या संध्याकाळी एखाद्या मोठ्या कामाच्या लेबर कॅम्पवर उभे राहून पाहा. पत्र्याच्या खोल्यांसमोर मुकादम खुर्ची टाकून बसतो. मांडीवर दुमडलेली डायरी, त्यात नावापुढे उभ्या रेघा मारलेल्या. नाव पुकारले की माणूस पुढे होतो आणि त्याच्या हातावर खर्ची पडते: मीठ-मिरची, पीठ, तेल, मोबाइलचे रिचार्ज भागेल एवढी. तो पगार नसतो. पगार म्हणजे हिशेब, आणि हिशेब काम संपल्यावर. त्या वेळी उचल, खर्ची, आजारपणाचे खाडे, गावी जाऊन आलेल्या दिवसांची कपात, सगळे त्या डायरीतून निघते. मजुराकडे स्वतःची दुसरी डायरी नसते. जोडप्याने काम केले असेल, तर बहुतेकदा डायरीत नाव एकच असते, नवऱ्याचे. बाईने दिवसभर घमेली वाहिलेली असतात, वाळू चाळलेली असते, ओल्या काँक्रीटवर पाणी मारलेले असते. हिशेबात ती 'जोडी' या शब्दाच्या आत कुठेतरी असते. समान वेतनाचा कायदा या देशात १९७६ साली झाला. जिच्या नावाची हजेरीच नाही, तिच्या पदरात तो काय टाकणार?

वेतन संहिता २०१९ आणि तिच्यासोबतच्या बाकी तीन संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाल्या. वेतन संहितेत चांगली गोष्ट ही, की किमान वेतनाचा हक्क आता ठरावीक उद्योगांपुरता न राहता सर्व कामगारांना आहे. दुसऱ्या एका संहितेतल्या कंत्राटी कामगारांसंबंधीच्या तरतुदी मात्र पन्नास किंवा त्याहून अधिक कंत्राटी माणसे असतील तिथेच लागतात. १९७०च्या मूळ केंद्रीय कायद्यात हा आकडा वीस होता. पंचवीस-तीस जणांची टोळी घेऊन फिरणाऱ्या मुकादमाला त्यामुळे परवान्याची गरज उरत नाही, आणि परवाना नाही म्हटल्यावर त्याची नोंदच कुठे होत नाही. बांधकामाचा सगळा धंदा अशाच टोळ्यांवर चालतो. संहितेतले हे भगदाड सरकारी कामाच्या करारात एका अटीने बुजवता येते: टोळी दहाची असली तरी तिची नोंद, हजेरी आणि बँकेतून दिलेली मजुरी मूळ काम काढणाऱ्या कार्यालयाला दाखवावी लागेल. काम सरकारचे, पैसा जनतेचा, तेव्हा अट घालण्याचा अधिकारही आपल्याच प्रतिनिधींकडे आहे. त्यासाठी संसदेत जायची गरज नाही. एक शासन निर्णय पुरे.

कामाच्या जागेबाहेरच्या माणसांचे काय? हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बांधकामाची पद्धतच बदलली आहे. पूर्वी पुलाचे सगळे काम पुलापाशी होई. आता गर्डर आणि सेगमेंट कास्टिंग यार्डात ओतले जातात, काँक्रीट तयार काँक्रीटच्या (आरएमसी) प्लांटवरून मिक्सरने येते, पेव्हर ब्लॉक शहराबाहेरच्या शेडमध्ये पडतात, खडी क्रशरवरून येते. रात्रभर मिक्सर हाकणारा ड्रायव्हर, क्रशरवर धुळीत उभा असलेला आदिवासी पोरगा, यार्डात वाफेशेजारी साचे उघडणारा कामगार, हे सगळे त्याच पुलाचे कामगार आहेत. करारात मात्र त्यांचे काम 'माल' या सदरात जमा होते. माल म्हटला की त्यामागचा माणूस दिसेनासा होतो.

अमेरिकेत हीच अडचण आली आणि तिच्यावर उपायही निघाला, म्हणून तो दाखला देतो. तिथे १९३१ साली डेव्हिस-बेकन कायदा झाला. केंद्र सरकारच्या बांधकामावर त्या परिसरात त्या कारागिरीचा जो दर चालू असेल, त्याहून कमी मजुरी देता येणार नाही, हे त्याचे सूत्र. पण कायद्याचे शब्द कामाच्या प्रत्यक्ष जागेशी बांधलेले होते, त्यामुळे काँक्रीट वाहून आणणारे ड्रायव्हर अशा माणसांचा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला. कॅलिफोर्निया राज्याने २०१५ साली स्वतंत्र कायदा करून राज्यातल्या सार्वजनिक कामांवर तयार काँक्रीट पोचवणाऱ्या ड्रायव्हरांना ही मजुरी लागू केली. एकेका वर्गाचे नाव घेऊन हमीचे कुंपण असे बाहेर सरकवावे लागते. ते आपोआप सरकत नाही.

डेव्हिस-बेकन कायद्याच्या जन्मात एक काळी बाजूही आहे, ती लपवू नये. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर माजी सैनिकांच्या रुग्णालयाचे काम अलाबामाच्या ठेकेदाराने घेतले आणि तिकडून स्वस्तात मजूर आणले, त्यावरून हा वाद पेटला. त्या मजुरांत कृष्णवर्णीय बरेच होते आणि कायद्याच्या काही पाठीराख्यांच्या बोलण्यात त्यांच्याविषयी उघड आकस होता. आपल्याकडे मजुरीचा विषय निघाला की काही जण लगेच 'परप्रांतीय' म्हणून बोट दाखवतात. या आवाहनाचा तसा उपयोग कुणी करू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे. बाहेरून आलेला माणूस स्वस्तात राबवता येतो म्हणूनच इथल्याचा रोज पडतो. दोघांना एकच दर द्यावा लागला, तर स्वस्त मजुरासाठी हजार मैलांवरून माणसे उचलून आणण्याचे कारणच उरत नाही. बिहारी फिटरची मजुरी वाचवणे म्हणजे सुरगाण्याच्या बिगाऱ्याची मजुरी वाचवणे आहे.

कुणाला हे सगळे परदेशी वाटत असेल, तर त्यांनी आपल्याच राज्याचा माथाडी कायदा आठवावा. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ साली तो झाला. हमाल आज या गाळ्यावर तर उद्या त्या, त्याचा मालक कोण हेच ठरत नव्हते. कायद्याने मंडळ उभे केले: मालकाने मजुरी आणि वरची लेव्ही मंडळाकडे भरायची, मंडळाने ती नोंदणीकृत कामगाराला द्यायची. मधल्या टोळीवाल्याच्या हातातून पैसा बाजूला झाला. पुढे १९८१ साली खासगी सुरक्षा रक्षकांसाठी याच धर्तीवर वेगळा कायदा झाला. त्याहून मागे जायचे, तर किमान वेतनाचे विधेयक एप्रिल १९४६मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडले ते मजूरमंत्री असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. रोजगार हमी देशाला दिली ती वि. स. पागे यांच्या महाराष्ट्राने. हे राज्य या विषयात कधी मागे नव्हते.

खर्च वाढेल, हा आक्षेप येणारच. तो पुरता खरा नाही. मजुरी अंदाजपत्रकात आधीच धरलेली आहे. ती मोजायची तयारी सरकारने आधीच ठेवलेली असते, फक्त ती मजुरापर्यंत पोचत नाही. म्हणून मागणी अशी आहे, की निविदेत मजुरीची रक्कम वेगळी दाखवावी आणि तिच्यावर बिलो भरायला बंदी असावी. ठेकेदारांनी स्पर्धा करावी ती नियोजनात, यंत्रांत, वेळेत. माणसाच्या रोजावर नको.

ठेकेदारांचीही एक बाजू आहे. २०२५ साली राज्यभरातले कंत्राटदार थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर उतरले होते. लहान ठेकेदाराचे बिल महिनोन् महिने अडते आणि तो सावकाराकडून पैसे काढून खर्ची वाटतो. सरकारने स्वतः पैसे अडवून ठेवायचे आणि मजुरी वेळेवर द्या म्हणून ठेकेदाराला दटावायचे, हे न्यायाचे नाही. मजुरीपुरते देयक पंधरवड्याला, बाकीच्या बिलापासून वेगळे काढून, स्वतंत्र खात्यातून मिळाले पाहिजे. प्रामाणिक ठेकेदार या मागणीला विरोध करणार नाहीत, उलट तिच्या पुढे उभे राहतील. मजुरीत हात मारून बिलो भरणाऱ्यापुढे आज तेच तर हरतात.

देखरेख कोण करणार, हा पुढचा प्रश्न. सरकारी कामावर काँक्रीट ओतले की त्याचे ठोकळे काढतात, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून पाहतात, आकडा नोंदवतात. खोदाईची लांबी-रुंदी-खोली मोजमाप पुस्तिकेत चढते आणि तिच्यावर अभियंत्याची सही झाल्याशिवाय पैसा सुटत नाही. ज्या यंत्रणेला काँक्रीटची ताकद तपासता येते, तिला कामगारांच्या बँक खात्यांत पडलेल्या मजुरीची यादी बिलाला जोडून घेता येत नाही, हे कुणी सांगू नये. यादी नसेल तर देयक नाही, एवढी एक ओळ करारात हवी. यादीत बाईचे नाव बाईच्या खात्यासह हवे. मुख्य ठेकेदाराने मजुरी दिली नाही, तर काम काढणाऱ्या कार्यालयाने त्याच्या सुरक्षा ठेवीतून ती मजुराला द्यावी.

हजेरीची नोंद नुसत्या मजुरीसाठी लागत नाही. समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूरजवळ १ ऑगस्ट २०२३च्या पहाटेआधी गर्डर लाँचर कोसळला आणि वीस जणांचा जीव गेला. वेगवेगळ्या राज्यांतून आलेली ती माणसे होती. ज्याची हजेरी आणि मजुरी कागदावर नसते, त्याच्या घरी अशी बातमी पोचल्यावर वारसांना आधी तो तिथे कामाला होता हेच सिद्ध करत बसावे लागते. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तोही मुकादमाच्या डायरीतून मिळत नाही. याच मंडळासाठीच्या सेसचा एक टक्का मात्र प्रत्येक कामातून नेमाने कापला जातो.

आता आपल्या हातात काय आहे ते सांगतो.

आपल्या भागात सिंहस्थाचे किंवा कुठलेही सरकारी काम चालू असेल, तर तिथल्या फलकापाशी थांबा. कामाचे नाव, रक्कम, ठेकेदार आणि मुदत असते, मजुरीचा दर नसतो. कुशल, अर्धकुशल आणि अकुशल कामाचा रोज, जादा तासांचा दुप्पट दर आणि तक्रारीचा क्रमांक त्या फलकावर लिहा, अशी लेखी मागणी कार्यकारी अभियंत्याकडे करा. मराठी, हिंदी, तेलुगू, उडिया, बंगाली, जी भाषा कॅम्पवर बोलली जाते तिच्यात.

माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका. कराराची प्रत, पोटठेकेदारांची यादी, मजुरी बँकेतून दिल्याचा तपशील मागा. खासगी माहितीचे कारण देऊन अर्ज फेटाळला जाऊ नये म्हणून नावे आणि खाते क्रमांक झाकून द्या असे अर्जातच लिहा. याच कायद्याने तुम्हाला कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचाही हक्क दिला आहे, तो वापरा. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे.

नगरसेवक, आमदार, खासदार यांना भेटा आणि फक्त एवढेच विचारा: मजुरीची रक्कम निविदेत वेगळी काढायला आणि यार्ड, प्लांट, क्रशरवरच्या माणसांपर्यंत ही हमी न्यायला तुम्ही लेखी पाठिंबा देता का? हो किंवा नाही, जे मिळेल ते जाहीर करा. खेड्यांत ग्रामसभेचा ठराव करा. पंचायतीच्या गटाराच्या कामावरही हाच नियम लागू करता येतो. वकिलांनी, अभियांत्रिकी आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीच्या संध्याकाळी लेबर कॅम्पवर जावे आणि ज्यांना हवी त्यांना स्वतःची हजेरी लिहून ठेवायला एक वही द्यावी. रोज किती वाजता कामाला लागलो, किती वाजता सुटलो, खर्ची किती घेतली, एवढे तीन रकाने पुरेत. लिहिता येत नसेल, तर कॅम्पवरचे एखादे शाळकरी मूल ते हौसेने लिहील.

आखाड्यांच्या महंतांना आणि तीर्थपुरोहितांना वेगळी विनंती आहे. प्रशासन तुमच्या शब्दाला मान देते. घाटांच्या आणि साधुग्रामाच्या सोयींचा आढावा घ्यायला बैठका होतील, तिथे एक प्रश्न तुम्ही विचारा: हे घाट बांधणाऱ्यांची मजुरी पुरी चुकती झाली का? तुम्ही विचारलेत तर टाळता येणार नाही.

आणि ज्यांच्या घरी कुणी गवंडी, फिटर, बिगारी, मिक्सरचा ड्रायव्हर आहे, त्यांनी आज रात्री त्याला कामाचे ठिकाण, ठेकेदाराचे आणि मुकादमाचे नाव विचारून लिहून ठेवावे. तक्रार कामगार आयुक्तालयात न्यायची वेळ आली, तर पहिल्या कागदावर हीच माहिती लागते.